बारा मिनिटांचं कलम

एकशे सतरावी चूक वाचता वाचता स्नेहलच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. कुकरची नव्हे, कुकर अजून चढायचा होता. ओट्यावर सोललेली कोळंबी, खलात लसणाच्या पाकळ्या, हातात बत्ता, आणि ओट्याच्या टोकाला, पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत एवढ्या अंतरावर, लॅपटॉप उघडा. शनिवारी लॅपटॉप उघडायचा नाही असं तिनं स्वतःला पन्नासदा बजावलं होतं. शनिवार-रविवार रेवाचे. अकरा वर्षांची मुलगी आठवड्यातून दोनच दिवस वाट्याला येते म्हटल्यावर आईनं निदान ते दोन दिवस तरी यंत्राच्या नादी लागू नये. पण रेवा आतल्या खोलीत दार लोटून क्लासची गणितं सोडवत बसली होती, आणि कामोठ्याच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत भर दुपारी स्नेहलला बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

तिचं काम असं होतं की ते माहेरी, गव्हाणला, आईला तिला कधी धड समजावून सांगता आलं नाही. मोबाइलनं टॉवरशी कसं बोलायचं, आधी कोणी बोलायचं, नकार मिळाला तर किती वेळ गप्प बसायचं, याचे नियम असतात. जगभरचे शेकडो इंजिनियर वर्षातून चार-सहा वेळा कुठल्यातरी हॉटेलात जमून, भांडून भांडून ते ठरवतात. हजारो पानं होतात. ती सगळी वाचलेला माणूस पृथ्वीवर नसेल. स्नेहलच्या बेलापूरच्या कंपनीनं ती पानं एका भाषा-मॉडेलला वाचायला घातली होती आणि त्याला एकच काम सांगितलं होतं: एक कलम दुसऱ्या कलमाच्या उरावर कुठे बसतंय ते शोध. मॉडेल शोधायचं. दहांतल्या नऊ वेळा ती फुकटची आरडाओरड असायची. उत्तर येत नसलं तरी हात वर करणाऱ्या हुशार पोरासारखं होतं ते. कुठली चूक खरी आणि कुठली खोटी, एवढं ठरवायला स्नेहल. खरी वाटली तर आधी प्रत्यक्ष फोनवर करून बघायची. आणि मग, समितीचा शिरस्ता म्हणून, ज्यानं ते कलम लिहिलं त्यालाच सगळ्यांत आधी कळवायची. त्याला उत्तराला नव्वद दिवस. तोवर सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. तिला हे काम आवडायचं. मॉडेल तिला शहाणी म्हणत नव्हतं, खोटारडीही म्हणत नव्हतं, आणि गेल्या चार वर्षांत असं वागणारं तिला दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

एकशे सतरावी चूक अशी होती. पाचदा नकार मिळाल्यावर फोनने बारा मिनिटे टॉवरशी काहीही बोलू नये, असे एक कलम म्हणते. आपत्कालीन कॉल कोणत्याही अवस्थेतून लागलाच पाहिजे, असे दुसरे म्हणते. परंतु पहिल्या कलमासोबतच्या चित्रात 'थांबणे' या चौकटीतून आपत्कालीन कॉलकडे जाणारा बाण नाही. एखादा फोन हे चित्र तंतोतंत पाळत असेल, तर या बारा मिनिटांत लावलेला कॉल पडद्यावर लागताना दिसेल, पण फोनच्या बाहेर पडणार नाही. मुदत संपताच अडकलेला कॉल आपोआप जाईल. 

लागताना दिसेल. हे दोन शब्द तिनं परत वाचले. हातातला बत्ता खलावर आपटला, एक पाकळी उडून सिंकमध्ये पडली. डोक्यानं अजून काही जुळवलेलं नव्हतं, पण कानाला कळलं होतं, डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना कळलं होतं, आणि तिला नवीन पनवेलच्या त्या हॉलमधली थंडगार फरशी गालाखाली लागली. चार वर्षांपूर्वीचा रविवार, दुपारचे तीन. नवऱ्याच्या, निनादच्या ऑफिसचे तिघं जेवून गेले होते. जेवता जेवता या लोकांच्या गप्पा म्हणजे फोन आणि कार्डं. त्यातल्या एकानं खिशातून चाचणीचं सिमकार्ड काढलं होतं, टॉवर ज्याला ओळखच देत नाही असलं, आणि गंमत दाखवायची म्हणून निनादनं ते स्नेहलच्या फोनमध्ये घातलं होतं. श्रीखंडाच्या वाट्या येईपर्यंत त्यांचं ते चाललं होतं, आणि कार्ड आतच राहिलं होतं. मग कुणीतरी निनादनं त्या समितीला दिलेल्या जुन्या एका प्रस्तावाचं कौतुक केलं, त्यातलं चित्र किती सुटसुटीत, आणि स्नेहल पटकन बोलून गेली, “ते चित्र मी काढलं होतं.” एवढंच. निनाद हसला होता. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला होता.

पाहुण्यांना लिफ्टपर्यंत सोडून तो आला, दाराला कडी घातली, चष्मा काढून टीव्हीपाशी ठेवला. चष्मा टीव्हीपाशी गेला की स्नेहल समजून जायची. पहिला तडाखा डाव्या कानावर बसला आणि ती शिट्टी सुरू झाली. नंतर ती कायमचीच झाली, कधी कमी, कधी जास्त. निनाद मारताना आवाज चढवायचा नाही. गव्हाणला मारामाऱ्या तिनं लहानपणापासून पाहिल्या होत्या. मिठागराच्या बांधावरून दोन घरं भांडायची, पण आधी अर्धा तास शिव्या, सात पिढ्यांचा उद्धार, बायका पदर खोचून मधे, मग कुठे एखादं फावडं उचललं जायचं, आणि ते डोक्यात बसेपर्यंत निम्मा गाव सोडवायला धावलेला असायचा. तिचा बाप तुळशीराम एकदा कपाळ फोडून घेऊन आला होता, रक्त धोतरापर्यंत, आणि तरी रात्री ज्यानं फोडलं त्याच्याच ओटीवर बसून विडी ओढत होता. निनादचं मारणं पुण्याच्या चांगल्या शाळेत शिकलेल्या माणसाचं होतं. तो प्रश्न विचारायचा. “चित्र कोणी काढलं?” ती म्हणाली, “मी.” मग दुसरा. “चित्र कोणी काढलं?” तिसऱ्याला ती खाली पडली, चौथा पायानं होता. शेजारच्या भिंतीपलीकडे लोक होते, त्यांच्या मिक्सरचा आवाज येत होता. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला, कुठल्यातरी मुलांच्या गाण्यांचा, आणि ती म्हणाली, “मी पोलिसांना फोन करीन.”

“कर की,” तो म्हणाला. तिचा फोन डायनिंग टेबलावर होता. त्यानंच जाऊन आणला. येता येता त्यावर अंगठा फिरवला, वाकला, तिच्या हातात दिला. “घे. लाव. एक-एक-दोन.” आतल्या खोलीच्या दारात रेवा उभी होती, सात वर्षांची, मुठीत खडूंची पेटी. बाबा वाकून आईला फोन देताहेत, एवढं तिनं पाहिलं. मग तो गोड आवाजात म्हणाला, “रेवू, दार लाव हं आत जाऊन,” आणि दार लागलं. स्नेहलनं आकडे दाबले. पडद्यावर आलं, लावत आहे. नेटवर्कच्या दांड्या दिसत होत्या. घंटा नाही, आवाज नाही, नुसतंच लावत आहे. त्यानं तिचे केस धरून डोकं सोफ्याच्या पायावर आपटलं, तेव्हाही तिच्या मुठीत फोन होता आणि त्यावर तेच दिसत होतं. ती कापून परत लावायची. परत तेच. निनाद घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचा. वेळ बघायला त्याला तळहात आकाशाकडे करावा लागायचा, ज्या तळहातानं मारलं तोच. तो मारायचा, तळहात उलटा करून बघायचा, परत मारायचा. याला चार वाजताची मीटिंग असणार, असं तिला त्या अवस्थेतही वाटून गेलं होतं, आणि याचं तिला पुढे कितीतरी दिवस हसू आणि रडू एकदम यायचं. बरगडी मोडली ती शेवटी शेवटी. मग तो “बास” म्हणाला, तिच्या मुठीतून एकेक बोट सोडवून फोन घेतला, कॉल कापला, यादी पुसली, कडेच्या भोकात टाचणी घालून कार्ड बदललं. तेव्हा तो घाम पुसत होता.

बारा मिनिटं व्हायच्या आत. आता ओट्यापाशी उभं राहून तिला ते घड्याळ कळलं. चार वर्षं ती त्या तळहाताकडे बघत आली होती आणि तिला ते आज कळलं, कोळंबीच्या वासात, तेही एका यंत्रानं सांगितल्यावर. 

त्या रविवारी संध्याकाळी ती चौकीत गेली तेव्हा इन्स्पेक्टरनं तिच्यासमोर तिच्याच फोनवरून स्टेशनला लावून बघितला. एका सेकंदात घंटा वाजली. “मॅडम, चालतोय की.” टेलिफोन कंपनीचा कागद आला: त्या वेळेत या क्रमांकावरून एकही कॉल नाही. निनादनं कोर्टात डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, मी एक थोबाडीत मारली हे कबूल, ती पडली, माझं चुकलं, पण फोन मी स्वतः तिच्या हातात दिला, म्हटलं, तुला वाटतंय ना, बोलाव पोलिसांना. आणि हे खरंच होतं. सासूबाई, आशालता, साक्षीत म्हणाल्या, बायकोला मारणारा नवरा कधी फोन आणून देतो का हो? सगळं कोर्ट मान हलवत होतं. गव्हाणला आईनंही, सत्यवतीनं, तिच्या केसांत तेल घालता घालता हळूच विचारलं होतं, “भीतीनं दाबलाच नसशील गो. व्हतं असं. हात लुळा परतो.” आणि भाऊ, प्रितम, तो तर ओटीवर येरझारा घालत होता. “मना सांग, तू फोन लावलास का नाय लावलास?”

“लावला.”

“मंग लागला कसा नाय? तू असं सांगू नको कोरटान. लोका हसतान. सांग का त्यानं फोन लपवलान. सादं सांग.”

“त्यानं लपवला नाही. त्यानं दिला.”

प्रितमनं भिंतीवर मूठ आपटली. तिच्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता, पण बहीण होती. पंधरा दिवसांनी पळस्प्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथल्या पुलाखाली, त्यानं आणि गावच्या चौघांनी निनादची गाडी अडवली आणि लोखंडी पाइपनं त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. घड्याळाचा हात डावा. तो शाबूत राहिला. ते ऐकल्यावर स्नेहलनं दोन दिवस मन लावून, पोट भरून जेवण केलं होतं, आणि त्याची तिला आजही लाज नव्हती. पण प्लास्टरचा फोटो कागदांत लागला, आणि न्यायाधीशांनी लिहिलं की मुलीच्या आजोळचं वातावरण हिंसक दिसतं आणि आईचं फोनबद्दलचं कथन विश्वास ठेवण्याजोगं वाटत नाही. रेवाला त्यांनी आपल्या खोलीत बोलावून विचारलं होतं. सात वर्षांची पोर खरं तेच बोलली. बाबांनी आईला फोन दिला.

तेव्हापासून रेवा निनादकडे असते, शनिवारी येते आणि रविवारी जाते. पाहुण्यासारखी राहते, स्वतःचं ताट स्वतः घासते, दप्तर कधी रिकामं करत नाही. मागच्या दिवाळीत, एकदाच, स्नेहलनं तो विषय काढला तेव्हा ती मोठ्या बाईच्या समजूतदारपणानं म्हणाली होती, “आई, मी रागावले नाहीये. तू तेव्हा घाबरून काहीतरी बोललीस. पण तू अजून तेच म्हणतेस हे मी बाबांना सांगत नाही.” त्या वाक्यानं जे झालं ते निनादच्या लाथेनंही झालं नव्हतं. आणि येत्या गुरुवारी कोर्ट रेवाला परत विचारणार होतं, आता ती कळती झाली म्हणून: तुला कुणाकडे राहायचंय? खोटं बोलणाऱ्या आईकडे कुठलं मूल राहायला मागेल?

स्नेहलनं हात न धुता, लसणाच्याच बोटांनी कलमाच्या मुळाशी असलेला प्रस्ताव उघडला. सात वर्षांपूर्वीचा. सादर करणार, निनाद. खाली सभेचं टिपण होतं: शेवटचा दिवस, संध्याकाळ, विमानं पकडायची घाई. कुठल्यातरी थंड देशातल्या एका बाईनं विचारलं होतं, या बारा मिनिटांत कुणाला मदत मागायची असली तर? उत्तर, निनाद: वापरणारा थोडा वेळ थांबून पुन्हा लावेल. पुढे फक्त, नोंद घेतली. या लोकांत नोंद घेतली म्हणजे केराच्या टोपलीत गेलं. प्रस्ताव मंजूर. त्या सभेहून येताना त्यानं रेवासाठी लोकरीचं अस्वल आणलं होतं आणि जेवताना त्या बाईची नक्कल करून दाखवली होती, वर म्हणाला होता, बारा मिनिटांत कोण मरतंय, आणि स्नेहल हसली होती. नवरा परदेशातून आला होता, मुलगी मांडीवर होती, ती मनापासून हसली होती. शेवटच्या पानावर चित्र होतं. चौकटी, बाण, फिक्या निळ्या रंगाच्या रेषा. तो निळा तिचा होता, तिनं निवडलेला. रेवा लहान म्हणून नोकरी सोडून ती घरी होती आणि निनादची चित्रं काढून द्यायची, रात्र रात्र जागून. आणि तिला ते आठवलं. 'थांबणे'च्या चौकटीतून तिनं एक बाण काढला होता, सरळ वर, आपत्कालीनकडे. निनाद मागे उभा राहून चहा पीत होता. “चित्रात गर्दी होतेय,” तो म्हणाला होता, “तो बाण काढ.” तिनं विचारलं, “पण मग तिथून...?” तो म्हणाला, “काढ गं.” आणि तिनं बाण पुसला होता. तिच्या हातानं. चित्र कोणी काढलं? मी. मी. मी. तीनदा तिनं खरं सांगितलं होतं.

आपणच आपल्या तोंडावर हात दाबून धरला होता असं तिला वाटलं, आणि पोटातून एक उमाळा आला, रडण्याचा नव्हे, कुणाला तरी ठेचायचा. चार वर्षांत तिनं निनादला बऱ्याच वेळा मारलं होतं. भांडी घासताना, रिक्षात, ऑफिसात मॉडेलच्या खोट्या चुकांवर खुणा करताना. कधी विळीनं, कधी बापाच्या फावड्यानं. जागा ठरलेली होती, कानाच्या वर, जिथे चष्म्याची काडी बसते. ती कवटी कशी पिचकेल याचा आवाज तिला पाठ होता. आता त्या आवाजात स्वतःचीही कवटी मिसळली. पडद्यावर दोन चौकोन होते: खरी, खोटी. खरी दाबलं की शिरस्त्याप्रमाणे निरोप कलमाच्या लेखकाला जाणार. सगळ्यांत आधी निनादला. त्याला नव्वद दिवस. आणि गुरुवार पाच दिवसांवर.

जुना फोन तिच्या कपाटात खालच्या खणात होता, पावत्यांच्या खाली, काच तडकलेला. टाकून का दिला नाही हे तिला माहीत नव्हतं, आज होतं. ऑफिसच्या पाकिटात चाचणीची कार्डं होती. तिनं एक घातलं. खऱ्या एक-एक-दोनवर असले प्रयोग करायचे नसतात, त्यासाठी प्रयोगशाळेत खोटा टॉवर असतो, हे तिनंच नव्या मुलांना शिकवलं होतं. फोन वीस टक्के भरल्यावर ती बाहेरच्या खोलीत जिन्याच्या दारापाशी आली आणि हाक मारली, “रेवा, बाहेर ये.”

रेवा पेन्सिल कानामागे खोचून आली. “जेवायला?”

“नाही. हा फोन घे.”

रेवानं ओळखला. तिचा चेहरा लगेच शहाणा झाला. “आई, हे नको ना.”

“मी काही बोलणार नाही. मी फक्त काहीतरी करणार आणि तुझ्या हातात देणार. तू लाव.” स्नेहलनं फोन विमानाच्या खुणेवर टाकला आणि परत काढला. अंगठा एकदा, दोनदा. थोडी थांबली, आत फोन टॉवरचं दार ठोठावत होता, एक, दोन, पाच, पाचही वेळा नकार. मग तिनं तो पुढे केला. “घे. लाव. एक-एक-दोन.”

“उगाच नाही लावायचा. शाळेत सांगितलंय. पोलीस पकडतात.”

“लाव!”

रेवानं लावला. लावत आहे. तिनं कानाला धरला, परत बघितला. भिंतीवरच्या घड्याळात एकला वीस मिनिटं कमी होती. स्नेहल घड्याळाकडे बघत होती आणि रेवाकडे, घड्याळाकडे आणि रेवाकडे. एक मिनिट गेलं. “नेटवर्क नसेल,” रेवा म्हणाली. “दांड्या बघ,” स्नेहल म्हणाली. “आहेत. मग तो बिघडलाय, जुना आहे ना.” दोन मिनिटं. खाली रिक्षावाल्यांचं काहीतरी भांडण चाललं होतं. तीन. “मी बंद करते,” रेवा म्हणाली आणि बोट लाल खुणेकडे नेलं, आणि स्नेहल ओरडली, “नाही!” तिनं रेवाचं मनगट धरलं, करकचून, हाड हाताला लागेपर्यंत. “कापायचा नाही! बघ त्याच्याकडे! बघत राहा! असंच, असंच दिसत होतं मला, आणि तू दार लावून घेतलंस!” हे शेवटचं ती बोलणार नव्हती. कधीच, मरेपर्यंत बोलणार नव्हती. 

रेवाचा चेहरा पांढरा पडला होता. ती आईकडे बघत नव्हती. तिच्या उजव्या हाताकडे बघत होती. स्नेहलनं वळून पाहिलं तर आपल्याच हातात बत्ता होता, खांद्याच्या वर. मघापासून तिथेच होता की काय, कपाटातून फोन काढताना, कार्ड घालताना? नसावा. मग केव्हा उचलला? “आई,” रेवा अगदी हळू म्हणाली, आवाज न चढवता, जसं कुत्र्याशी बोलतात तसं, “दार उघड ना.” स्नेहल दाराला पाठ लावून उभी होती. पोर आणि कडी यांच्या मधोमध. ही जागा तिच्या ओळखीची होती. या जागेवर चष्मा काढून उभं राहायचं असतं, मनगट उलटं करून बघायचं असतं. इतकी सोपी जागा होती ती. न ठरवता माणूस तिथे येऊन उभा राहतो आणि हात आपोआप वर जातो, आणि त्याला वाटत असतं की आपण काहीतरी पटवून देतोय. तिनं मनगट सोडलं. त्यावर चार बोटं उमटली होती, लसणाची, लाल.

ती खाली बसली. बत्ता तिनं फरशीवरून लांब ढकलला, तो गडगडत सोफ्याखाली गेला. बसल्या बसल्याच हात वर करून तिनं कडी काढली आणि सरकून भिंतीला लागली. “जा,” ती म्हणाली. “खाली सुनीतामावशी असतील दुकानात, त्यांच्याकडे बस. बाबांना बोलाव हवं तर. मी काही म्हणणार नाही. माझं चुकलं, बाळा. फक्त तो कापू नकोस. हातात ठेव. एवढं कर.”

रेवा चपला घालून उंबऱ्यापर्यंत गेली. एक पाय जिन्यात, एक आत. गेली असती तर स्नेहलनं तिला थांबवलं नसतं, आणि गुरुवारी कोर्टात मनगट दाखवलं असतं तरी ती काही बोलली नसती. जे झालं ते खरंच झालं होतं. रेवा गेली नाही. ती फोनकडे बघत तिथेच उभी राहिली, रडत, नाक हातानं पुसत. पाच मिनिटं. सहा. जिन्यातून कुणीतरी भाजीच्या पिशव्या घेऊन वर गेलं आणि दोघींकडे बघून न बघितल्यासारखं केलं. सात. स्नेहलचा कान वाजत होता. आठ मिनिटं झाल्यावर पडदा काळा व्हायला लागला तसा रेवानं त्याला हळूच बोट लावलं, म्हणजे तो जागा राहील. 

“अंगठा,” ती म्हणाली.

“काय?”

“बाबांनी देताना अंगठा असा केला होता. दोनदा. तू आत्ता केलास तसाच.” ती त्या हॉलमध्ये होती, हातात खडू घेऊन, हे स्नेहलला तिच्या डोळ्यांत दिसलं. “मला वाटलं, ते तुला लावून देताहेत.”

स्नेहलनं मान हलवली. नऊ, दहा. “तेव्हा तू बाहेर किती वेळ...” रेवानं विचारलं आणि वाक्य सोडून दिलं. तिनं उंबऱ्यातला पाय आत घेतला, पण दार उघडंच ठेवलं. अकरा मिनिटं झाली तेव्हा तिनं घड्याळाकडे बघितलं आणि फोन दोन्ही हातांनी धरला, कुणी काढून घेईल या भीतीनं.

मग त्या तडकलेल्या काचेत काहीतरी बदललं. घंटा वाजली, एकदाच, आणि उचलला गेला. बाईचा आवाज, कामाला बसलेल्या माणसाचा, स्वच्छ. “नमस्कार, एक-एक-दोन. काय मदत हवी आहे?”

रेवानं आईकडे बघितलं. तिचाच एक हुंदका फोनमध्ये गेला.

“हॅलो? कोण बोलतंय? बाळ, तुला कुणी मारलंय का?”

रेवानं आपल्या मनगटाकडे पाहिलं. बोटांच्या खुणा अजून होत्या. तिनं तो हात पाठीमागे घेतला.

“मला नाही,” ती म्हणाली. “माझ्या आईला.”

“आत्ता? कधी मारलं?”

“चार वर्षांपूर्वी,” रेवा म्हणाली. “तिनं तेव्हाच लावला होता. आत्ता लागला.”